कार्तिकातली चुकलेली दशमी

आत्या, तू गेलीस म्हणून वाद मिटला असं समजू नकोस. वाद अर्धा टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच आहे. मुद्दा अंगाशी आला की तुला गॅसवरचं दूध आठवायचं, आणि स्वयंपाकघरातून परत यायचीस ती भलताच विषय घेऊन. दूध उतू गेलेलं मी एकदाही पाहिलं नाही. या वेळी मात्र तू अशी उठून गेलीस की मागून ओरडायचीही सोय राहिली नाही. म्हणून लिहिते आहे. आता मध्येच उठता येणार नाही तुला.

आधी तुझ्या शोकसभेचं सांगते. मंडळाच्या सिंधूकाकू तुझ्यावर बोलल्या. तू शांत होतीस, मनमिळाऊ होतीस, कधी कुणाला दुखावलं नाहीस, असं त्या म्हणाल्या. आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेत येऊन बसलो की काय, म्हणून मी मागे वळून फोटो पाहिला. फोटो तुझाच होता, सगळ्या गल्लीच्या आत्याचा. आपल्या बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यातला भाजीवाला तुझी खिडकी उघडी दिसली की ठेला मागच्या मागे वळवायचा, हे सभेतल्या निम्म्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. माझ्या बाबांनी रेल्वेच्या लाल बावट्याच्या युनियनमध्ये असताना भल्याभल्या साहेबांना घाम फोडला, पण तुझ्या जिन्यावरून ते एकदा मुकाट खाली उतरले होते. बर्लिनची भिंत पडली तो दिवस तू गल्लीच्या फळ्यावर लिहिला होतास, आणि एवढं एक वाक्य पुसून टाक, असं सांगायला ते आले होते. तू म्हणालीस, “पडली ती पडली. मी पाडली नाही.” मनमिळाऊ म्हणे.

फळा. सभेत फळ्याबद्दल एक अक्षर कुणी बोललं नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. गल्लीच्या तोंडाशी, जरीच्या दुकानाच्या भिंतीवर तो काळा फळा अजून आहे. तू मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायचीस तेव्हापासूनचा. दिवाळीच्या सुट्टीत मुली सगळं धुऊन पुसून विसरून येतात, म्हणून तू घटस्थापनेपासून कार्तिक संपेपर्यंत रोज सकाळी एक घटना लिहायला लागलीस. त्या दिवशी जगात कुठे काय झालं होतं ते. वर मराठीत, खाली हिंदीत. नोकरी संपली तरी फळा संपला नाही. चार ऑक्टोबरला माणसाने पहिला उपग्रह आकाशात सोडला, हे मी शाळेत शिकायच्या आधी दूध आणायला जाताना वाचलं. मी वाढले पत्रकांवर. आमच्या घरी पलंगाखाली, कपाटावर, पिठाच्या डब्यामागे बाबांची पत्रकं असायची आणि माझी अक्षरओळख ‘कामगार बंधूंनो’पासून झाली. पण पत्रकात सगळं उद्या होणार असतं. जगात काही गोष्टी होऊनही गेल्या आहेत, हे मला तुझ्या फळ्याने सांगितलं.

आणि नागपूरचं. चौदा ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी एका दिवशी जुना धर्म सोडून बुद्धाचा धम्म घेतला, असं तू लिहिलंस. तेही आपल्या ब्राह्मणांच्या गल्लीत. कुणीतरी ओल्या फडक्याने ते पुसलं. तू पुन्हा लिहिलंस. पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा लिहिलंस आणि खुर्ची घेऊन फळ्याखाली निवडायची मेथी मांडीवर घेऊन बसलीस. कुणी काही बोललं नाही, कारण मेथी निवडताना तू फार वाईट बघायचीस. पुढच्या वर्षापासून ते तू दोनदा लिहायला लागलीस, तारखेने एकदा आणि ती घटना दसऱ्याला झाली होती म्हणून दसऱ्याला एकदा. त्या मेथीच्या सकाळी मी ठरवलं की मोठेपणी असंच काहीतरी करायचं. हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, “बाईसाहेब पत्रकातून बोलतायत.”

आता मुख्य वादावर येते.

तुझ्या फळ्यावरचा एक दिवस कुठल्याच पुस्तकातला नव्हता. तो आपल्या गल्लीचा होता. जुन्या काळी देशावरून काशीला पाठवून दिलेल्या विधवा इथे भाड्याच्या खोल्यांतून एकेकट्या राहायच्या. दर काही दिवसांनी अमृतराव घाटावर न्हाव्यापुढे बसून त्यांना केस उतरवून घ्यावे लागायचे. एके सकाळी त्यांच्यातली पहिली बाई न्हाव्यापुढे जाऊन बसली, पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला आणि आजपासून नाही, एवढं म्हणाली. तिच्या मागे बाकीच्या तशाच बसल्या. ऊन वर येईपर्यंत कुणी उठलं नाही. न्हावी वस्तरा धोकटीत घालून निघून गेला. वर बांबूंना पितरांसाठी लावलेल्या आकाशदिव्यांच्या टोपल्या टांगलेल्या होत्या. हे सगळं तुला शेजारच्या घरातल्या दादींनी सांगितलं, त्यांना त्यांच्या सासूने सांगितलं होतं. साल कुणालाच माहीत नव्हतं. तिथी मात्र दादींना पक्की पाठ होती: कार्तिक, अंधारा पक्ष, दशमी.

तू तेव्हा तरुण होतीस, उत्साहाच्या भरात होतीस. कार्तिक वद्य दशमी, असं फळ्यावर लिहून मोकळी झालीस. त्या दिवशी गल्लीतल्या बायकांना घेऊन अमृतराव घाटावर गेलीस, आणि पायऱ्यांवर बसून त्यांनी एकमेकींना तेल लावलं, वेण्या घातल्या. मग दरवर्षी. मी शाळेत असताना माझी वेणी तिथेच घातली जायची, तीही तुझ्या हातून, त्यामुळे दोन दिवस डोकं ठणकायचं.

पण दादी मराठी नव्हत्या ना, आत्या. बनारसचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुक्ल पक्षात काही बिघडत नाही. वद्य पक्ष आला की एकाच दिवसाला आपण आश्विन म्हणतो आणि भिंतीपलीकडचे शेजारी कार्तिक म्हणतात. दादींचा कार्तिक म्हणजे आपला आश्विन. म्हणजे ती दशमी दिवाळीच्या आधीची, वसुबारसेच्या तोंडावरची. तू ती महिनाभर पुढे नेऊन ठेवलीस. ही चूक पुण्यातला माणूस करणार नाही आणि बनारसी माणूसही करणार नाही. ती फक्त आपल्यासारखी, घरात एक महिना आणि दाराबाहेर दुसरा महिना वापरणारी माणसंच करू शकतात.

मला ते कळलं आकाशदिव्यांमुळे. दोन वर्षांपूर्वी मुन्शी घाट ओलांडून आपण अमृतराव घाटाकडे चाललो होतो. थंडी पडायला लागली होती, शेजारी त्या महिन्याला अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, म्हणायला लागले होते, आणि घाटावर एकही बांबू उभा नव्हता. आकाशदिवे कोजागिरीला चढतात आणि कार्तिकी पौर्णिमेला उतरतात. मग त्या बायकांच्या डोक्यावर टोपल्या कुठून आल्या? मी वाटेतच थांबले. घरी जाऊन पंचांग काढलं, दोन्ही प्रकारचं. आणि तुझ्या जिन्यावर धावत आले, हे लक्षात असेल तुला, कारण तू चप्पल बाहेर काढ म्हणून आधी ओरडलीस.

सगळं ऐकून घेतल्यावर तू काय म्हणालीस? तू म्हणालीस, “मला माहीत आहे.”

पहिल्या वर्षानंतर लगेच तुला ते कळलं होतं. इतकी वर्षं. इतिहासाची शिक्षिका. मुलींनी पानिपत एका वर्षाने चुकवलं तर तू त्यांना वर्गाबाहेर उभं करायचीस, आणि स्वतः दरवर्षी गल्लीला महिनाभर चुकीच्या दिवशी घाटावर नेत होतीस. मी विचारलं, का? तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, दिवाळीच्या तोंडावर कोण येणार घाटावर? चकल्या कोण तळणार, जाळी कोण काढणार? कार्तिकी पौर्णिमा झाली की बायका मोकळ्या असतात. मी म्हटलं, म्हणजे चकल्यांसाठी तू इतिहास हलवलास. तू म्हणालीस, “उगाच बहस करू नकोस. तुझ्या बापाची क्रांती ऑक्टोबरची आणि हार घालतो नोव्हेंबरात. माझ्या बायकांनी काय घोडं मारलंय?”

मी तुला समजावलं. किती शांतपणे समजावलं ते तरी मान्य कर. रशियात दिवस एकच होता, पंचांग बदललं म्हणून त्याचं नाव बदललं. तू नाव तेच ठेवलंस आणि दिवस बदललास. ही दोन टोकं आहेत. तू ऐकून घेतलंस, चष्मा पुसलास, आणि तुला दूध आठवलं.

खरं कारण तू त्यानंतर खूप दिवसांनी सांगितलंस, तेही आपण वाद घालत नव्हतो तेव्हा. पहिल्या वर्षी बायका येतील असं तुला वाटलंच नव्हतं. तू एकटी तेलाची बाटली घेऊन बसणार होतीस. पण त्या आल्या. केशवपन केलेली शेवटची एक म्हातारी गल्लीत तेव्हा जिवंत होती, तीही आली आणि दुसरीच्या डोक्याला तेल लावत बसली. त्यानंतर दिवस हलवायची तुझी हिंमत झाली नाही. हलवला आणि कुणी आलंच नाही तर?

हे ऐकून मी विरघळायला हवं होतं. मी पत्रक लिहिलं. त्यात दोन्ही महिन्यांचा हिशोब, आकाशदिव्यांचा पुरावा, आणि आपण खोटा दिवस पाळणार का असा शेवटी सवाल. छापून आणलं आणि आधी तुला दाखवलं, कारण तुझ्या मागून काही करायचं नाही हे माझं तत्त्व आहे. तू उभ्या उभ्या वाचलंस. एक काना राहिला होता तो पेनने दिलास. मग गठ्ठा माझ्या हातात परत ठेवून म्हणालीस, “मी आहे तोवर वाटू नकोस. मग काय ते कर.”

हे ‘मग’ माझ्या गळ्यात बांधून तू निघून गेलीस, आत्या. तू विरोधात उभी असताना हे पत्रक वाटण्यात काही अर्थ होता. तू नसताना ते वाटणं म्हणजे पहिलवान आखाडा सोडून गेल्यावर मातीला लाथा मारणं. परवानगी देऊन तू माझं हत्यारच काढून घेतलंस. हे तू मुद्दाम केलंस असा माझा दाट संशय आहे.

आणि तू गेलीस तीही कधी? कोजागिरीनंतरच्या पंचमीला. म्हणजे पुन्हा वद्य पक्षात. तुझा सख्खा भाचा श्रीकांतदादा नागपूरहून आला, सगळं रीतसर केलं, आणि जाताना मला म्हणाला की तिथी त्याने मोबाइलमध्ये टाकून ठेवली आहे, दरवर्षी आठवण येईल. मी पाहिलं. कार्तिक वद्य पंचमी. मी म्हटलं, दादा, घाटावरच्या गुरुजींनी सांगितलेला कार्तिक बनारसचा आहे. आपला आश्विन. तो म्हणाला, “म्हणजे आत्या आश्विनात गेली?” मी हो म्हटलं. “मग गुरुजी कार्तिक का म्हणाले?” मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याची गाडी सुटायची वेळ झाली होती. पिशवी खांद्याला लावत तो म्हणाला, जाऊ दे गं, नागपुरात सुटी काढायला कार्तिकच बरा पडतो, दिवाळीच्या आधी ऑफिसात फार काम असतं.

तुमचं सगळं घराणंच असं आहे. मी फलाटावर उभी राहून रडले, आणि त्यातलं किती तुझ्यासाठी होतं आणि किती पंचांगासाठी, ते मला अजून सांगता यायचं नाही. शेवटी त्याचा फोन हिसकावून मीच तिथी बदलली. तू आश्विनात गेली आहेस आणि आश्विनातच राहशील. एवढं तरी मी बरोबर करून ठेवलं आहे.

खरी दशमी आली तेव्हा तुझं सुतकही फिटलं नव्हतं. गल्लीत चकल्यांचा वास होता. फळा कोरा होता, कुणी त्याला हात लावला नाही. मी पण नाही. दिवाळी गेली, पौर्णिमा गेली, घाटावरचे दिवे गेले, पर्यटक गेले. परवा सिंधूकाकू घरी आल्या. म्हणाल्या, उद्या सोडून परवा दशमी आहे, फळा तूच लिहायचास. मी होकार दिला. त्या दारात वळून म्हणाल्या, “अनू, तिथीत हात घालू नकोस हं. आधीच बायका कमी झाल्या आहेत.” त्यांना माझ्या पत्रकाचं माहीत होतं. तुझ्याशिवाय कोण सांगणार.

त्या खोटं बोलत नव्हत्या. निम्मी घरं पुण्याला, बंगळुरूला गेली. ज्या बायका उरल्या आहेत त्यांच्या सुना नोकरीवर जातात. गेल्या वर्षी घाटावर आपण एका पायरीवर मावलो होतो. दिवस हलवला तर तो मरेल, ही तुझी भीती खरी होती. आणि खोटा दिवस खरा म्हणून माझ्या हाताने लिहायचा, हे मला जमणार नव्हतं. कालचा सगळा दिवस मी तुझ्यावर चरफडत काढला. तुझ्या खोलीतून खडू आणायला गेले, तर तू खडूसुद्धा ओल लागलेल्या कपाटात ठेवून गेली आहेस.

आज सकाळी फळा लिहिला. गोष्ट तू लिहायचीस तशीच, एक शब्द न बदलता. पण शेवटी एक ओळ जोडली: ‘हे घडलं दिवाळीच्या आधी, आश्विन वद्य दशमीला. आज आपण जमतो, कारण आज आपल्याला सवड आहे.’ खाली हिंदीत तेच. मला वाटलं होतं की ही तडजोड आहे. तुझी गर्दी राहील आणि माझं सत्य राहील. पत्रकांवर वाढलेल्या मुलीने तडजोड केली, हे पाहायला तू नव्हतीस ते एक बरं झालं.

बायका जमल्या. सिंधूकाकू, त्यांची सून रश्मी, कोपऱ्यावरच्या दोघी बहिणी, आणखी एखाद-दोघी. सिंधूकाकूंनी फळा वाचला, शेवटची ओळ पुन्हा वाचली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी भांडायची तयारी केली. बहिणींपैकी धाकटी म्हणाली, म्हणजे आपण इतकी वर्षं चुकीच्या दिवशी जातोय? थोरली म्हणाली, आत्याबाईंनी सांगितलं तेच खरं. आवाज चढायला लागले. सिंधूकाकूंनी मग मला कोंडीत पकडायला म्हणून विचारलं, “दिवाळीच्या आधी? अगं, फराळाच्या गडबडीत त्या बायकांना घाटावर बसून राहायला सवड कुठली?”

रश्मी बनारसी घरातली. तिला मराठी समजतं, बोलायला लाजते. ती खालचं हिंदी वाचत होती. तिने फळ्यावरची नजर न काढता म्हटलं, “उन्हें किसके घर की चकली तलनी थी, मम्मीजी?”

 तेवढ्यात जरीच्या दुकानाचं शटर वर गेलं.

सवड होती त्यांना, आत्या. ऐन दिवाळीत सगळ्या गल्लीत फक्त त्यांनाच सवड होती. घरोघरी कढया चढल्या होत्या, आणि ज्यांना कुठल्याच घरात बोलावणं नव्हतं त्या तिथे पायऱ्यांवर बसल्या होत्या. मी त्यांच्या डोक्यावरचे आकाशदिवे पाहिले, दोन पंचांगं पालथी घातली, पानभर पुरावा छापला. माझ्या पत्रकात दिवस बरोबर आहे आणि ही गोष्ट त्यात कुठेच नाही.

आम्ही घाटावर गेलो. तेल लावलं, वेण्या घातल्या. नेहमी तिथे गप्पा असतात, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं. आज सगळ्यांची नजर हातातल्या पेडांवर होती. सिंधूकाकू रश्मीची वेणी घालत होत्या, आणि अर्धी झाल्यावर सोडून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घातली. परत येताना त्या मंडळाच्या बैठकीत बोलतात त्या आवाजात म्हणाल्या की पुढच्या वर्षी आश्विनात जायचं. चकल्या आठवडाभर आधी करा, नाहीतर विकत आणा. थोरली बहीण म्हणाली, विकतच्या चकल्यांना काय चव असते? सिंधूकाकू म्हणाल्या, नसू दे.

म्हणजे मी जिंकले. दिवस बरोबर झाला, बायकाही येणार आहेत, निदान आज तरी तसं म्हणाल्या आहेत. आता मला फक्त एकच विचारायचं आहे, आणि तू दूध आठवून उठून गेली आहेस. तूही दिवाळीच्या आधी कधी कुणाच्या घरी हक्काने कढईशी बसली नाहीस. लग्न न केलेली, दोन खोल्यांतली बाई. मदतीला म्हणून बोलावलं तरच जायचीस, आणि डबा घेऊन परत यायचीस. त्या बायकांना सवड का होती, हे तुला कळलं होतं का? कळलं असेल, तर चकल्यांचं कारण सांगताना तू माझ्याकडे का पाहत नव्हतीस ते मला आज समजतं आहे. आणि कळलं नसेल, तर आत्या, हे तुला सांगायला मी आता कुठला जिना चढू?